विनोद काढून बघ, काय उरतं?

प्रिय मुली,

पत्र मिळालं. गणेशोत्सवात ‘माणूस खरंच स्वतंत्र आहे का?’ यावर बोललीस, बायका सुरुवातीला पोट धरून हसल्या आणि मूळ विषय निघाल्यावर आरतीची वाट बघू लागल्या. वर तुझे मार्गदर्शक म्हणाले, तत्त्वज्ञानाचा तमाशा करू नकोस. आता विचारतेस, ‘सर, विनोद सोडूनच देऊ का?’

सोडू नकोस. पण ते विनोद उचललेस कुठून? नवरा-बायकोचा एक, डॉक्टरचा एक. तुझ्या विषयाला त्यातला एकही शिवत नव्हता. आमटीवर टाकलेली कोथिंबीर नुसती! विनोद काढला आणि प्रश्न जसाच्या तसा राहिला, तर तो विनोद फुकट. विनोद काढल्यावर प्रश्नच लुळा पडला पाहिजे.

ब्युरिदाँचं गाढव तुला अभ्यासाला होतं ना? की परीक्षेपुरतंच होतं? ब्युरिदाँ चौदाव्या शतकातला पॅरिसचा पंडित. बुद्धीला जे अधिक चांगलं दिसतं तिकडे इच्छा वळते, असं त्याचं मत. त्याची थट्टा करायला लोकांनी गाढव उभं केलं: दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर, सारख्याच गवताच्या गंज्या. कुठलीच सरस नाही, म्हणून ते कुठेच वळत नाही आणि उपाशी मरतं. ब्युरिदाँच्या ग्रंथांत हे गाढव कुठेही नाही. ते ग्रंथ आज मोजके अभ्यासक उघडतात, गाढव मात्र त्याच्या नावाने जगभर हिंडतंय. ते काढून तोच प्रश्न मांडून बघ. पानभर परिभाषा लागेल.

मंडळात हेच गाढव न्यायचं होतंस. एका रंगाच्या, एका किमतीच्या दोन साड्यांपुढे तासभर बसलेली बाई त्याला लगेच ओळखेल, हसेल. मग विचारायचं: शेवटी एक उचललीत ना? तीच का? कारण नव्हतं, तर ती निवड कसली? आणि कारण होतं, तर दुसरी उचलणं तुमच्या हातात होतं का? पुढे त्याच बोलतील, तुला बोलू देणार नाहीत.

परकं गाढव नको असेल तर पैठणला ये. नाथांचं रोडग्याचं भारूड तू लहानपणापासून ऐकतेस. सून भवानीला नवस बोलते: सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. मग सासू, जाऊ, नणंदेचं पोर. दादल्यालाही ती सोडत नाही. समोर बसलेल्या सासवासुद्धा हसतात. आणि शेवटी मागते काय, तर ‘एकटीच राहू दे मला’. सगळे गेल्यावर जी एकटी उरते ती कोण? नाथांनी आधी चुटका सांगून मग अद्वैतावर प्रवचन झोडलं नाही. सासरा खपल्याशिवाय त्या ‘एकटी’पर्यंत पोचताच येत नाही. भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारे नाथ हे. गंभीर लिहिता येत नव्हतं म्हणून सुनेच्या तोंडून नाही बोलले.

तुझ्या मार्गदर्शकांची भीती अगदीच पोकळ नाही, हेही सांगतो. इ.स.पू. ४२३ मध्ये अॅरिस्टोफेनिस या ग्रीक विनोदी नाटककाराने सॉक्रेटिसला रंगमंचावर टोपलीत लटकवलं. चोवीस वर्षांनी खटल्यात आपल्याविषयीच्या जुन्या आरोपांबद्दल बोलताना सॉक्रेटिसने त्या नाटकाचा उल्लेख केला, असं प्लेटो लिहितो. ते हसू माणसावर होतं, त्याच्या प्रश्नाला त्याने हातही लावला नाही. म्हणून पुन्हा तेच: विनोद काढून बघ.

मला विभागात ‘विदूषक’ म्हणत. चर्चासत्रांची निमंत्रणं माझ्या टेबलाला वळसा घालून जात. खंत आहे, नाही कशी? निवृत्तीच्या समारंभातही माझ्या ‘खुमासदार शैली’चंच कौतुक झालं, मी काय शिकवलं ते कुणालाच आठवेना. पण माझ्या वर्गातली मुलं घंटा झाल्यावरही भांडत बसायची. ज्यांनी मला उथळ ठरवलं, त्यांच्या वर्गात कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. हे तुझ्यासाठी लिहितोय की त्यांना उत्तर देतोय, असं विचारशील. दोन्ही! या वयात एवढी मुभा असू दे.

नवरात्रात मरणावर बोलणार आहेस ना? ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसपासून सुरू कर: आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो. ऐकणाऱ्याला आधी ही हातचलाखी वाटते, तो हसतो. त्याला म्हणावं, चूक शोधून दाखवा. घरी जाईपर्यंत शोधत राहील. भाषणाचा कागद आधी मला पाठव, त्यातले विनोद एकेक खोडून. आणि व्हॉट्सअॅपवरचा तो यमदूताचा विनोद सांगितलास, तर मी पहिल्या रांगेत बसून, सगळी हसत असताना, तुझ्याकडे डोळे वटारून बघणार आहे.

तुझा,
सर