राजकीय मतलेखाचा प्रकार आणि वाचकवर्ग कसा ओळखायचा?

प्राध्यापकांनी एक राजकीय लेख दिला, तुम्ही ‘प्रकार : वैचारिक लेख, वाचक : सर्वसामान्य जनता’ असं लिहिलं आणि वही परत आली, असं तुम्ही म्हणता. येणारच की. ‘सर्वसामान्य जनता’ नावाचा वाचक कुठल्याच पेपराला नसतो.

मी बेळगावचा. घरी इथलाच मराठी पेपर येतो, हॉटेलात चहाबरोबर कन्नड पेपर हाताला लागतो, मोबाईलवर मुंबई-पुण्याचे असतात. एकाच घटनेवर तिन्हीकडे मतं छापून येतात. मग लेख कुणासाठी लिहिलाय हे ताडायची सवय लागतेच. त्यासाठी मी आधी एकच गोष्ट बघतो : लेखकानं काय समजावून सांगितलेलं नाही?

१ नोव्हेंबरवरची ही दोन वाक्यं बघा. दोन्ही मीच रचलीत.

‘फेरीला परवानगी मिळो न मिळो, ८६५ गावांचा निर्धार कायम आहे.’

‘१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या निषेधार्थ तिथले अनेक मराठी भाषक १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात.’

पहिल्यात कसली फेरी, कुठली गावं, परवानगी कुणाची, काहीच सांगितलेलं नाही. फेरी काळ्या दिवसाची आणि गावं महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो ती, हे ज्याला आधीच ठाऊक आहे अशा सीमाभागातल्या माणसासाठी हा लेख आहे, आणि तोही लेखकाच्याच बाजूच्या. दुसरं वाक्य पुण्यातल्या वाचकासाठी. त्याला सहानुभूती असते, पण तपशील विसरलेला असतो. राज्योत्सवावरच्या, म्हणजे त्याच दिवशी येणाऱ्या कर्नाटकच्या स्थापनादिनावरच्या, कन्नड लेखात हे दोन्ही नसेल. तिथं काळा दिवस आलाच तर आगळीक म्हणून येईल.

महाजन आयोगाचंही तसंच. याच सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या या आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं असं म्हटलं. कन्नड लेखात हा अहवाल अंतिम शब्द म्हणून येतो, इथल्या मराठी लेखात अन्याय म्हणून, मुंबईच्या लेखात बहुधा इतिहास म्हणून. वस्तुस्थिती एकच, पण लेखकानं तिला कोणतं काम दिलंय ते बघा. तुमच्या उत्तरात हा मुद्दा आला तर प्राध्यापक वही परत पाठवणार नाहीत असं वाटतं.

आता थोडी गंमत. लेख ज्याला उद्देशून असतो तोच त्याचा वाचक असेल असं नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये या सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून ‘महाराष्ट्र सरकारनं आता तरी जोर लावावा’ या धर्तीचे लेख आम्ही वाचत आलोय. मंत्रालयात ते कोण वाचतं देव जाणे. वाचतो खानापूरचा दुकानदार, शहापूरचा निवृत्त मास्तर. आपल्या मनातलं कुणीतरी ठणकावून बोललं, एवढं समाधान त्यांना मिळतं आणि लेखाचं खरं काम तेच असतं. म्हणून ‘कुणाला बजावलंय’ आणि ‘कुणाला ऐकवलंय’ हे दोन वेगळे प्रश्न करा.

प्रकाराचं त्या मानानं सोपं आहे. खाली नाव नाही आणि बोलणं पेपराच्या वतीनं असेल तर अग्रलेख. नाव आहे आणि ‘मी’ मोकळेपणानं येतोय तर स्तंभ किंवा लेख. तिथं शेवटची ‘लेखक अमुक पक्षाचे पदाधिकारी आहेत’ ही बारीक टाईपातली ओळ सोडू नका. युक्तिवाद कमी आणि जमण्याची वेळ-ठिकाण ठळक असेल तर ते पत्रक, मग ते पेपरात का छापलेलं असेना.

शीर्षकावरून मात्र काही ठरवू नका. पुष्कळदा ते लेखकाचं नसतं, रात्री पान लावताना डेस्कवरचा उपसंपादक देतो.