शब्दशंका : वाट पाहणे आणि वाट लागणे

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत वाढला असून दर रविवारी तो माझ्याशी फोनवर आवर्जून मराठीत बोलतो. ‘तुझ्या फोनची वाट पाहत होते’ असे मी म्हणाले, तेव्हा त्याने विचारले, ‘आजी, वाट पाहिली तर चांगले आणि वाट लागली तर वाईट, असे का?’ मला उत्तर सुचले नाही. सूनबाईंच्या मते ‘वाट लागणे’ हा हिंदी चित्रपटांतून आलेला उथळ प्रयोग आहे आणि तो मुलांच्या तोंडी येऊ देऊ नये. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नातवाची शंका अगदी रास्त आहे. सूनबाईंचे म्हणणे मात्र निम्मेच मान्य करता येईल.

‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृत ‘वट्ट’ या रूपातून मराठीत आला. शके 1212मधील ज्ञानेश्वरीच्या शेवटी, व्यासांचा मागोवा घेत आणि ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ आपण चाललो आहोत, असे ज्ञानदेव म्हणतात, आणि सातशे वर्षांनंतरही ते ‘वाट पुसणे’ समजायला कोणाला कोश उघडावा लागत नाही. ‘वाट पाहणे’ हे याच अर्थातून सरळ निघालेले आहे. ज्याची वाट पाहायची तो ज्या वाटेने येणार, तिच्याकडे माणूस डोळे लावून बसतो. पाहिली जाते ती वाट, पण मनात असतो तो येणारा. कोकणीत ‘वाट पळोवप’, गुजरातीत ‘वाट जोवी’ आणि हिंदीत ‘बाट जोहना’ म्हणतात, तेव्हा ही कल्पना एकट्या मराठीची नाही.

‘वाट लागणे’ समजून घ्यायचे, तर ‘लावणे’ या क्रियापदाकडे पाहायला हवे. पाहुण्याला आपण वेशीपर्यंत सोडून ‘वाटेला लावतो’, म्हणजे त्याला निरोप देतो. जो वाटेला लागला तो आपल्यापुरता नजरेआड झाला, त्याचा विषय संपला. या ‘संपला’पासून ‘नासला’पर्यंतचे अंतर फार नाही, आणि त्याच्या मधला टप्पा आपल्याला ‘विल्हेवाट’ या शब्दात दिसतो. ‘विल्हे लावणे’ म्हणजे नीट व्यवस्था लावणे. म्हणूनच मिळकतीची विल्हेवाट लावणारा माणूस जबाबदार समजला जातो, कचऱ्याची विल्हेवाट लावणारी नगरपालिका आपले कर्तव्य करीत असते, आणि पुराव्याची विल्हेवाट लावणारा मात्र गुन्हेगार ठरतो. ‘निकाल लावणे’ याचेही असेच झाले आहे : न्यायाधीश खटल्याचा निकाल लावतात आणि गुंड माणसाचा. माझ्या मते ‘वाट लावणे’ हे याच घराण्यातले आहे, आणि म्हणून ते कोशातल्या अर्थाचा अपभ्रंश नसून त्याच अर्थाची पुढची पायरी आहे.

नातवाला सांगण्याजोगी आणखी एक गंमत म्हणजे इथे सगळा अर्थ विभक्तीच्या प्रत्ययावर तोललेला आहे. ‘त्याला वाटेला लावले’ म्हणजे त्याची पाठवणी केली. ‘त्याची वाट लावली’ म्हणजे त्याला धुळीला मिळवले. शिवाय एकाच अर्थाच्या शब्दांचे नशीब किती वेगळे असावे, तेही पाहावे. ‘मुलांना मार्गी लावले’ असे म्हणणारे आईवडील कृतार्थ असतात, ‘मुलांची वाट लावली’ असे त्यांच्याविषयी शेजारी म्हणतात, आणि ‘मुलांना रस्त्यावर आणले’ असे म्हटले की घरदारच गेलेले असते. संस्कृत मार्गाच्या वाट्याला प्रतिष्ठा आली, फारसी रस्त्याच्या वाट्याला दारिद्र्य आणि आपल्या देशी वाटेच्या वाट्याला सत्यानाश!

आता हिंदी चित्रपटांविषयी. संस्कृत शब्दारंभीचा ‘व’ हिंदीत बहुधा ‘ब’ होतो आणि मराठीत टिकतो, जसे वाघ आणि बाघ, वीस आणि बीस, वड आणि बड़. त्याच नियमाने हिंदीचा आपला शब्द ‘बाट’ असा आहे. तरीही मुंबईच्या हिंदीत ‘वाट लग गई’ असेच म्हणतात, ‘बाट लग गई’ असे कोणी म्हणत नाही. हा ‘व’ शेजारच्या मराठीने दिलेला आहे, असेच मानावे लागते. गुजरातीतही ‘व’ टिकला आहे हे खरे, परंतु मुंबईच्या चाळींत आणि गिरण्यांत या प्रयोगाला मराठीचा शेजार अधिक होता, असे मी समजतो. तेव्हा चित्रपटांनी तो आपल्याला दिला नाही, आपलाच प्रयोग आपल्याला मोठ्या आवाजात परत ऐकवला.

सूनबाईंचे एवढे मात्र खरे की हा प्रयोग बोलण्यातला आहे, अर्जातला नाही. शेताच्या बांधावरील वाट शेजाऱ्याने अडवली, तर 1906च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. त्या अर्जात ‘आमच्या वाटेची वाट लागली आहे’ असे लिहिणे कितीही खरे असले, तरी ‘वहिवाटीस अडथळा केला आहे’ असेच लिहावे. घरी, फोनवर, नातवाशी बोलताना ‘पावसाने रस्त्याची वाट लावली’ असे म्हणायला काहीच हरकत नाही, कारण त्यात अशिष्ट असे काही नाही.

प्रश्न : आपण मसाला वाटतो, पेढे वाटतो आणि आपल्याला आनंदही वाटतो. हे एकच क्रियापद आहे काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : रूप एक असले तरी क्रियापदे एक नाहीत. पेढे वाटणे हे संस्कृत ‘वण्ट्’ धातूपासून आले. वाटा, वाटणी, वाटप आणि वाटेकरी ही त्याची भावंडे, आणि हिंदीच्या ‘बाँटना’त त्यातला अनुनासिक अजून ऐकू येतो. मसाला वाटण्याचा संबंध पाट्या-वरवंट्याशी आहे, आणि स्वयंपाकघरातले ‘वाटण’ हे नाम त्याच्यापासूनच बनले. आनंद वाटणे या दोहोंहून व्याकरणातच वेगळे आहे, कारण तिथे वाटणाऱ्याला चतुर्थीत बसावे लागते : मी पेढे वाटतो, मी चटणी वाटतो, परंतु आनंद ‘मला’ वाटतो. म्हणूनच ‘मी चटणी वाटली’ हे कष्टाचे वाक्य आहे आणि ‘मला चटणी बरी वाटली’ हे आयत्या जेवणाऱ्याचे.