लिस्बनला एकच दिवस आहे, काय बघू आणि काय खाऊ?

प्रश्न: ग्रुप टूरमध्ये लिस्बनला आम्हाला एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय. मी, मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या शाकाहारी आहेत, अंडं चालतं. कोणी म्हणतं सिन्त्राला जा, कोणी किल्ला, कोणी २८ नंबरची ट्राम. एका दिवसात सगळं बसेल का?

उत्तर: नाही बसणार ताई, आणि ओढूनताणून बसवू पण नका. सिन्त्रा हे लिस्बनबाहेरचं गाव, त्यावर सरळ काट मारा, तिथेच अख्खा दिवस जातो. सकाळी नदीकाठचा बेलें हा भाग आणि दुपारनंतर जुनं शहर, बास.

बेलेंला काइश दु सोद्रे स्टेशनहून १५ नंबरची ट्राम जाते, लोकल पण जाते. सकाळी लवकरच निघा कारण जेरोनिमुश मठाला रांग लागते, आणि तुमचा मोकळा दिवस सोमवार नाही ना ते आधी बघा, सोमवारी मठ बंद असतो. १५०१ मध्ये राजा पहिला मानुएल याने हा बांधायला घेतला आणि खर्च निघाला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे आपल्याकडच्या व्यापाराचाही त्यात वाटा आहे, हे डोक्यात ठेवून बघितलं की मजा वेगळीच येते. खांबांवर जहाजाचे दोरखंड कोरलेत, पीळ न् पीळ दिसतो. चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, माणूस वारला मात्र कोचीनला, १५२४ मध्ये, अस्थी मागाहून नेल्या.

मठाजवळच पाश्तेइश द बेलेंचं दुकान आहे, १८३७ पासूनचं. गरम टार्ट घ्यायचा, वरती काळे डाग पडलेले असतात ते करपलेलं नाही हं, भट्टी तेवढी कडक असते म्हणून. वरून दालचिनी भुरभुरवायची आणि तिथेच खायचा, पार्सल करून हॉटेलवर नेला तर पापुद्रा मऊ पडतो. आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड असतं, म्हणजे सासूबाईंना चालेल. बाहेर पार्सलवाल्यांची लांब रांग दिसली तर घाबरू नका, आत बसायला भरपूर जागा आहे.

दुपारी किल्ल्यावर ७३७ नंबरची बस प्रासा दा फिगेरा चौकातून थेट वर जाते, सासूबाईंना चालवू नका. आणि उतरताना आल्फामा या जुन्या वस्तीतल्या पायऱ्या टाळा, गुडघेवाल्यांना चढण्यापेक्षा उतरणंच जास्त छळतं. पोर्ताश दु सोल या उंचावरच्या जागेवरून लाल कौलं आणि तेजू नदी बघायची आणि तिथूनच ट्रामने खाली यायचं. फुटपाथ सगळे बारक्या बारक्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत, पाऊस पडला की असले घसरतात की विचारू नका, ग्रिपवाले बूट घाला.

वेळ उरलाच तर कार्मु हे पडकं चर्च. १ नोव्हेंबर १७५५ ला सणाच्या दिवशी सकाळी लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला, मग आग, मग त्सुनामी. या चर्चचं छप्पर कोसळलं, आजही नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. मला तर किल्ल्यापेक्षा हेच आवडतं. रविवारी बंद.

प्रश्न: २८ नंबरची ट्राम मग सोडूनच द्यायची का?

उत्तर: भर दुपारी तरी सोडा. गर्दी असते, उभंच राहावं लागतं आणि खिसेकापू त्याच गर्दीची वाट बघत असतात. बसायचंच असेल तर सकाळी अगदी लवकर मार्तीम मोनीजहून, पहिल्या स्टॉपवरून, म्हणजे सीट मिळते. गाडीत तिकीट महाग पडतं, त्यापेक्षा मेट्रो स्टेशनवर नावेगांत नावाचं प्रवासाचं कार्ड घेऊन २४ तासांचा पास टाका. कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं.

प्रश्न: शाकाहारी जेवायला काय मागायचं?

उत्तर: भाज्यांचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं पण मांसाचा स्टॉक घातलाय का ते विचारा, आणि काल्दु वेर्द या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती टाकतात ती नको म्हणून आधीच सांगा. सेरा दा एश्त्रेला चीज आवर्जून मागवा, मेंढीच्या दुधाचं असतं पण दूध फाडायला रेनेट, म्हणजे जनावराच्या पोटातून काढलेलं विरजण, न वापरता काटेरी झाडाची फुलं वापरतात. छान पिकलेलं असलं की चमच्याने काढून पावावर लावायचं.

अजून एक, बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, बटर आणून ठेवतात. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही.