लेव्हल वाढली, पण हाताला कळलं का?

तुम्ही कळव्याला राहता, नोकरी ऐरोलीला, आणि घरचे झोपल्यावर रात्री जेमतेम तासभर मिळतो. सेलमध्ये घेतलेला, सगळ्यांनी वाखाणलेला अ‍ॅक्शन आरपीजी (पात्राची ताकद वाढवत नेत स्वतःच्या हाताने लढायचा व्हिडिओ गेम) दहा-बारा तासांत कंटाळून सोडलात. ऑफिसातले म्हणतात गेम जबरदस्त आहे, म्हणून तुम्ही विचारलंय की या प्रकारात मजा नेमकी कशात असते आणि पुढचा कुठला घ्यावा.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "40 ताकदीची तलवार जाऊन 55 ची आली, पण फरक काहीच वाटला नाही." सगळं दुखणं तिथेच आहे. तुमच्या आवडीत काही खोट नाही.

या प्रकारात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे हात: वेळेवर वार करणं, वेळेवर बाजूला होणं. दुसरी म्हणजे आकडे: लेव्हल, चिलखत, तलवारीची ताकद. नुसत्या हाताचे गेम वेगळे मिळतात, नुसत्या आकड्यांचेही मिळतात. अ‍ॅक्शन आरपीजी रंगतो तो मेन्यूत बदललेला आकडा पुढच्याच लढाईत बोटांना जाणवतो तेव्हा. तेवढं जमलं असेल तर ग्राफिक्स साधे असले तरी मला चालतात.

'एल्डन रिंग'चं (2022) उदाहरण घ्या. त्यात अंगावरच्या सामानाला वजन आहे. पेलता येईल त्या वजनाच्या 70 टक्क्यांच्या आत राहिलात तर वार चुकवायची कोलांटी नेहमीसारखी बसते, 30 च्या आत आणखी चपळ. 70 ओलांडलं की पात्र धपकन पडतं आणि उठायला वेळ घेतं. नेरूळला माझी भाची मार्गिट नावाच्या पहिल्या मोठ्या बॉसवर (टप्प्याच्या शेवटी वाट अडवणारा बलाढ्य शत्रू) अडकून बसली होती. जाड चिलखत घातलं की मार कमी लागेल हा तिचा हिशेब. पण मार्गिट काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो. तुम्ही घाईने कोलांटी मारता, आणि तुम्ही उठत असतानाच काठी खाली येते. जड अंगाने दुसरी कोलांटी वेळेत होतच नाही. तिने छातीचं चिलखत उतरवलं, आकडा 70 च्या खाली आला, आणि तोच बॉस, तीच काठी, पण आता तिला उत्तर देता येत होतं. मग ती काठीकडे बघायचं सोडून त्याच्या खांद्याकडे बघायला लागली. कबड्डीत चढाईला गेलेला गडी कोपऱ्यातल्या खेळाडूचा पाय कधी उचलतो यावर नजर ठेवतो ना, तसं. त्या संध्याकाळी तिची लेव्हल एकानेही वाढली नव्हती, तरी ती आधीपेक्षा चांगली खेळत होती.

'एल्डन रिंग'च्या या शैलीचा पाया 'डेमन्स सोल्स' (2009) आणि 'डार्क सोल्स' (2011) यांनी घातला. लोक त्यांना नुसतं 'अवघड' म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. त्यात शत्रू वार करण्याआधी खूण देतो, तुमच्या प्रत्येक वाराला दम लागतो, आणि कोलांटीच्या सुरुवातीच्या काही क्षणांत तुम्हाला लागतच नाही. हे नियम तुम्हाला आणि गेमला सारखेच ठाऊक असतात, म्हणून हरलो तरी चिडून बंद करावंसं वाटत नाही.

वार 'लागला' असं वाटणं हेही घडवावं लागतं. तलवार शत्रूवर आदळते त्या क्षणी बरेच गेम दोन्ही आकृत्या दोन-चार फ्रेमसाठी (पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी) थिजवतात. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर हा काळ डोळा मिटण्याइतकाही नाही, पण तो काढून टाका, तलवार हवेतून गेल्यासारखी वाटेल. नव्वदच्या दशकात 'डायब्लो' बनत होता तेव्हा तो आधी पाळीपाळीने खेळायचा गेम होता. तो रिअल टाइम, म्हणजे पाळीची वाट न बघता खेळायचा, करायला त्याचे एक निर्माते डेव्हिड ब्रेविक राजी नव्हते. शेवटी त्यांनी तसा बदल करून पाहिला, सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि सांगाडा फुटला. पुढचा वाद तिथेच संपला. हा किस्सा त्यांनी स्वतः सांगितलेला आहे.

आता बिघडतं कुठे ते. 'ऑब्लिव्हियन'मध्ये (2006) तुमच्याबरोबर जगाचीही लेव्हल वाढते. पुढे पुढे रस्त्यावरचे साधे लुटारूसुद्धा महागडी चिलखतं घालून समोर येतात. म्हणजे तुम्ही कमावलेलं सगळं समोरच्याला फुकटात मिळालं. बाकी तो गेम मला मनापासून आवडतो, पण ही गोष्ट आजही सलते. 'डायब्लो 3'मध्ये (2012) वस्तूंचं लिलावघर होतं, खऱ्या पैशांचंसुद्धा. राक्षस मारून वस्तू मिळवायची की बाजारातून उचलायची, असा प्रश्न आला की लढाईतली ओढच जाते. गेमची कंपनी ब्लिझार्डने मार्च 2014 मध्ये ते बंद केलं, ते योग्यच झालं. तुमच्या 55 च्या तलवारीचं तेच झालंय: तुम्ही वाढलात, शत्रूचं आयुष्यही तेवढंच वाढलं, वारांची संख्या तीच राहिली.

हाताऐवजी माहितीने वाढणारे गेमही आहेत. 'विचर 3'ची (2015) लढाई मला मध्यम वाटते, पण सुरुवातीच्या गावातलं विहिरीवरच्या भुताचं काम करून बघा. आधी माग काढायचा, पुस्तकात त्या जातीबद्दल वाचायचं, तलवारीला योग्य तेल लावायचं, विहिरीत उतरून बांगडी शोधायची. मग लढताना यर्डेन नावाचं मंत्रवर्तुळ टाकलं की भूत त्यात मंदावतं आणि घाव लागू लागतात. तुम्हाला कळलेली गोष्ट थेट लढाईत उपयोगी पडते, म्हणून तेही माझ्या लेखी खरं बळ.

तुमच्यासाठी मी 'हेडीस' (2020) सुचवेन. एक फेरी (सुरुवातीपासून मरेपर्यंत किंवा जिंकेपर्यंत) साधारण अर्ध्या तासाची, मधेच बंद केला तर त्याच खोलीच्या सुरुवातीपासून पुढे. मुख्य म्हणजे त्यातली वरदानं हाताला कळतात. पोसायडनचं वरदान घेतलं की तुमचा वार शत्रूला भिंतीवर फेकतो, झ्यूसचं घेतलं की वीज एकावरून दुसऱ्यावर उडी मारते. दर फेरीत तुमची लढण्याची पद्धतच बदलते. मेलात तरी गेममधल्या घरी परतता आणि तिथली माणसं काहीतरी नवं बोलतात, त्यामुळे रात्रीचा तास वाया जात नाही. 'एल्डन रिंग' नंतर घ्या. त्यात नेहमीसारखं पॉज नाही, बाळ रडलं तर उठणं अवघड. बाहेर पडताना मात्र तो आपोआप सेव्ह होतो.

माऊस-कीबोर्डवर खेळत असाल तर आधी कंट्रोलर घ्या, साधा वायरचा चालेल. आणि घेतलेला गेम लगेच उघडून बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पात्राचा चेहरा बनवण्यात ते दोन तास घालवू नका. पहिलं शस्त्र बदला, लगेच एक लढाई करा, आणि डोळे आकड्यांवर न ठेवता फरक जाणवतो का ते बघा. नाही जाणवला तर परत करा आणि इथे लिहा, दुसरं नाव सुचवतो.