संकटाची तयारी हप्त्यांवर घ्यावी का?

तुमचं पत्र वाचून जीव कासावीस झाला. रात्री उशिरा गाडीची बॅटरी उतरलेली, फोन बंद, मागे लहान मुलगा आणि तुमची आई, आणि मदतीची दोन तास वाट. त्यानंतर तुम्ही साठ वस्तूंचा तयार संच, जंप स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीची गाडी सुरू करून देणारी छोटी बॅटरी) आणि पर्समध्ये ठेवायचे दोन छोटे संच निवडलेत. किंमत घरच्या दीड महिन्याच्या खर्चाएवढी. आपत्कालीन निधीत दोन महिन्यांपुरते पैसे आहेत. त्यातून घ्यावं की बारा हप्त्यांवर, असं विचारता. मिस्टरांना ही सगळीच उधळपट्टी वाटते.

माझं मत सांगतो. निधीतून नको आणि हप्त्यांवरही नको. पण तयारी हवीच, त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही.

निधीतून दीड महिना काढला तर हाती पंधरा दिवस उरतात. नोकरी गेली किंवा दवाखाना मागे लागला तर डिकीतली पिशवी घर चालवणार नाही. हप्ते ‘बिनव्याजी’ असले तरी प्रक्रिया शुल्क आणि रोखीवरची हुकलेली सवलत धरून हिशोब करा.

आधी गाडीकडे पाहू. साधी लेड-ॲसिड बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं टिकते. तुमची किती जुनी आहे, हे पत्रात नाही. म्हातारी झाली असेल तर पहिला खर्च तोच, कारण त्या रात्रीचं मूळ तिथेच असू शकतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: 2321 म्हणजे 2021 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. स्टेपनीचेही आकडे वाचा आणि हवा तपासा. बहुतेकांची स्टेपनी गरजेच्या वेळीच बसलेली निघते.

मग मोजक्या वस्तू सुट्या घ्या. डोक्याला बांधायचा टॉर्च (चाक बदलताना दोन्ही हात मोकळे हवेत), परावर्तक त्रिकोण आणि जॅकेट, पॉवर बँक केबलसकट, जखमेवर दाबून बांधायच्या पट्ट्या, दाबमापक असलेलं छोटं अग्निशामक. जॅकेट डिकीत सामानाखाली ठेवू नका, ते उतरण्याआधी अंगात घालायचं असतं.

काच फोडायचं साधन घेण्याआधी काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचा. टेम्पर्ड (फुटल्यावर बारीक तुकडे होणारी) काच अशा साधनाने फुटते, लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेली) काच दाद देत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने 2019 मध्ये सहा साधनं तपासली. चारांनी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. तुमच्या गाडीत फुटणारी काच कोणती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. साधनही पट्टा लावलेल्या अवस्थेत हात पोचेल तिथेच ठेवायचं.

जंप स्टार्टरचा मोह मलाही झाला होता. वर्षभर गाडीत पडून राहिला आणि हवा तेव्हा त्यात चार्जच नव्हता. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं. दर तीन महिन्यांनी घरात आणून चार्ज करणार असाल तरच घ्या. जंपर केबल स्वस्त आणि बिनदेखभालीची, पण दुसरी गाडी लागते. तुम्ही रात्री एकट्या चालवता, म्हणून पुढे जमेल तेव्हा स्टार्टर घ्यायला माझी हरकत नाही.

साठ वस्तूंच्या संचात आकडा बहुधा चिकटपट्ट्या आणि सेफ्टी पिनांनी फुगवलेला असतो. त्यातल्या टूर्निकेवर (रक्तस्राव थांबवायला हात-पाय आवळायचा पट्टा) तर मुळीच भरवसा ठेवू नका. हलक्या नकला ऐन वेळी तुटतात, आणि चांगली असली तरी ती कशी आवळायची हे हाताला माहीत हवं. त्या पैशांत दोघांनी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. या सगळ्या यादीत मला सर्वांत मोलाचा खर्च तोच वाटतो.

हे सगळं दर महिन्याच्या शिलकीतून, चार-पाच महिन्यांत होईल. निधीत भर घालणं मात्र थांबवू नका.

पर्ससाठी संच नकोच. आईच्या गोळ्यांचा एक दिवसाचा डोस पर्समध्ये ठेवा, गाडीत नको, उष्णतेने औषधं बिघडतात. फोन बंद पडल्यावर एकही नंबर आठवला नाही, असं तुम्ही लिहिलंय. चार नंबर आजच कागदावर उतरवून तिथे ठेवा, आणि एक मुलाकडून पाठ करून घ्या.