आई-बाबा निवृत्तीनंतर मिशनच्या सेवेसाठी नेपाळला जायचं म्हणतात. या वयात तिथला रोजचा दिवस कसा जातो?

तुम्ही साताऱ्याहून विचारलंय. आई-बाबा साठी ओलांडलेले, चर्चच्या मंडळीतर्फे डोंगरातल्या दवाखान्यात निघालेत आणि तुमच्या जिवाला घोर लागलाय. मी मिरजेची, निवृत्त नर्स. मिस्टर दवाखान्याच्या मेंटेनन्सला होते. आम्ही दोघं अशाच एका नेपाळी मिशन दवाखान्यात राहून आलोय, म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट. तिथे प्रचार करत फिरायचं नसतं. नेपाळच्या कायद्यात कुणाचं धर्मांतर घडवून आणणं हा गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आपणही तिथे परदेशीच. आई-बाबांना हे निघण्याआधी पक्कं माहीत हवं.

दिवस कामातच जातो. पहाटे उठून टाकीत पाणी आहे का बघायचं, चहा, दोघांनी मिळून बायबलमधला शास्त्रभाग वाचायचा. मग दवाखान्यातली सकाळची प्रार्थना आणि त्यानंतर मी वॉर्डात. वॉर्डची इन्चार्ज माझ्या मुलीपेक्षाही लहान होती आणि मी तिच्या हाताखाली काम केलं. मोठ्या वयात गेलेल्यांनी असंच राहावं असं मला मनापासून वाटतं. पेशंटची कूस कधी बदलायची, कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी कसं बांधून ठेवायचं, हे मी नव्या मुलींना शेजारी उभं राहून दाखवायची. पलीकडच्या डोंगरातून नातेवाईक पेशंटला पाठीवरच्या ‘डोको’त, म्हणजे बांबूच्या टोपलीत, बसवून आणायचे. त्यांच्याशी बोलायला दवाखान्यातल्या कुणाला सवड नसायची. ती आम्हा म्हाताऱ्यांना होती. मिस्टर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र, आणि ऑक्सिजनची मशिनं दुरुस्त करायचे, पण गावातला एक मुलगा सोबत घेऊन. आपण निघून आल्यावर मशीन बंद पडायला नको.

मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला. तेव्हापासून परदेशी जोडपी या गावाने पाहिली. त्यांचा दिवस ऑपरेशनं आणि उपदेशात जात असेल, असं मला लहानपणी वाटायचं. त्यातला किती वेळ पाणी, सरपण, पत्रं आणि बाजारात जात असेल, ते नेपाळला गेल्यावर समजलं.

जेवण सकाळी दहाच्या सुमाराला डाळ-भात आणि रात्री पुन्हा डाळ-भात. ज्वारी मिळत नाही, नाचणी भरपूर, त्यामुळे भाकरी चुकत नाही. कांदा-लसूण मसाला मात्र इथूनच न्यायला सांगा. लिपी देवनागरी असल्याने पाट्या लगेच वाचता येतात, पण बोलणं कानाला बसायला महिने लागतात. उपासना शनिवारी, कारण तिथे सुट्टी शनिवारची. चपला बाहेर काढून खाली बसायचं, मादल नावाच्या ढोलकीच्या तालावर गाणी. ‘जयमसी’ म्हणत बायका हात धरायच्या आणि सोडायच्याच नाहीत.

जड काय जातं? काम नाही. घरचं दुःख. मिस्टरांचे थोरले भाऊ तासगावला गेले तेव्हा पावसात दरड कोसळून रस्ता बंद होता. मातीला पोचता आलं नाही. त्या रात्री शेजारच्या नेपाळी कुटुंबाने आमच्या घरी चूल पेटू दिली नाही, जेवण त्यांच्याकडून आलं आणि उशिरापर्यंत ती माणसं आमच्यासोबत बसून राहिली. तरीही मिस्टरांच्या मनातली ती सल गेलेली नाही. असा निरोप आला तर कोण काय करेल, हे तुम्ही भावंडांनी आई-बाबांशी आत्ताच बोलून घ्या. अवघड बोलणं आहे, पण टाळू नका.

आणि सुख काय मिळतं? आयुष्यभर माझ्या ड्युट्यांमुळे आम्ही सोबत जेवलोच नव्हतो. तिथे रोज दोन्ही वेळा जेवलो. तुमच्या आई-बाबांनाही हे मिळावं.

बाकी सोपं आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या न्याव्यात. आरोग्य विमा भारताबाहेर चालतो का ते विचारून घ्या, बऱ्याच पॉलिसी चालत नाहीत. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, ते इथेच शिकवून पाठवा. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. गुडघे दुखत असतील तर दवाखान्याच्या आवारातलीच खोली मागा, तिथे सगळीकडे चढ आणि पायऱ्या. रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा आणि पुढे बस. मिरजेहून तीन दिवस तरी धरा. जून ते सप्टेंबर रस्त्यांचा भरवसा नसतो. ते दसऱ्यानंतर निघाले तर तुम्हीही पोचवायला जा आणि आठवडाभर तिथेच राहा.