मूड पाच, रोजच पाच

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक, वय 36. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह असा मनाचा आजार. त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. मागे मृगबागेच्या लागवडीच्या दिवसांत झोप उडाली, तरी अंगात दम भरपूर. कोणाला न विचारता जमीन खंडाने घेतली, टिश्यूची रोपं बुक केली, सावद्याला व्यापाऱ्याच्या अंगावर गेलो. नंतर डॉक्टरांनी मोबाइलवर रोजचा मूड भरायला सांगितला. पुतण्याने ॲप टाकून दिलं. एक ते दहामधला आकडा टाकायचा. आता जेवायला बसलं की दादा विचारतात, ‘आज किती?’ सात टाकले तर सगळे एकमेकांकडे बघतात, तीन टाकले तर बायको रडते. म्हणून मी रोज पाच टाकतो. अशा नोंदीचा काय उपयोग? आणि ही माहिती बाहेर जाते का?

उत्तर : भाऊ, हे मोकळेपणाने लिहिलंत, फार बरं वाटलं. आकड्यामागे घरात रोज जाब द्यावा लागत असेल तर कोणीही पाचच टाकेल. तेव्हा आधी हे बदला. नोंद तुमची आहे, ती रोज कोणी तपासायची नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तुम्ही स्वतः दादा आणि तुमच्या पत्नीसमोर ती उघडायची. ताटावर बसल्यावर हा विषय बंद. माझं हे उत्तर त्यांना खुशाल वाचायला द्या.

दुसरं, एक ते दहा हे मापच तुमच्या आजाराला बसत नाही. त्यात दहा म्हणजे सगळ्यात छान असं वाटतं, आणि बायपोलरमध्ये वरचं टोकही आजारच असतं. मधे शून्य, खाली उणे तीनपर्यंत, वर अधिक तीनपर्यंत, असं माप घ्या. शून्य म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस. प्रत्येक आकड्याचा अर्थ तुमच्याच अनुभवावरून आधी लिहून ठेवा, पत्नीला सोबत बसवून. अधिक एक म्हणजे भराभर कामं झाली, वाद कोणाशी नाही. अधिक दोन म्हणजे चार तास झोपूनही थकवा नाही, रोपवाटिकेला फोनवर फोन, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही. अधिक तीन म्हणजे ते खंडाचं आणि सावद्याचं प्रकरण. उणे दोन म्हणजे घड कापणीला आलेत तरी बागेकडे पाय वळत नाहीत, आंघोळसुद्धा नको वाटते.

पण मला विचाराल तर मूडच्या आधी मी झोपेचे तास बघते. उन्माद, म्हणजे अति उत्साहाचं वरचं टोक, चढताना माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, उलट आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं असं वाटतं. त्यामुळे मूडचा आकडा फसवतो. झोपेचे तास फसवत नाहीत. आता तुमच्याकडे शेतीची लाइट रात्रीची असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून नोंदीत फरक करा. मोटार चालू करायला दोन वाजता उठलात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटायला लागले, तर ते जागरण. त्यापुढे ‘ला’ लिहा. आपोआप जाग आली आणि दिवसभर झोपेची आठवणही झाली नाही, तर ‘आ’ लिहा. दोन ‘आ’ लागोपाठ आले की तिसऱ्या रात्रीची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा, आणि तोवर कुठलाही मोठा व्यवहार नाही. हा नियम डॉक्टरांसमोर आत्ताच, डोकं शांत असताना, ठरवून घ्या.

‘ला’ निरुपद्रवी आहे असं मात्र समजू नका. जागरणाचं निमित्त होऊनही उन्माद सुरू होतो. रात्रीची पाळी दादांनी किंवा सालदाराने घ्यावी. दादांना तुमची काळजी आहे हे दिसतंच आहे. रोज आकडा विचारण्यापेक्षा त्यांनी रात्री मोटारीवर जाणं ही कितीतरी मोठी मदत होईल.

उपयोगाचं म्हणाल तर नुसतं ॲप भरून आजार बरा होत नाही. डेन्मार्कमध्ये मोनार्का नावाचा अभ्यास झाला, 2015 साली त्याचे निष्कर्ष आले. मोबाइलवर रोज नोंद ठेवणाऱ्यांची उदासी किंवा उन्माद इतरांपेक्षा कमी झालेला त्यात दिसला नाही. नोंद वाचून कोणीतरी वेळेवर हालचाल केली तरच ती कामाला येते. उदास दिवसांत रोज स्वतःला चाचपून जास्तच खचायला होत असेल तर मूड सोडून द्या, फक्त झोप आणि गोळी लिहा.

लिथियम चालू आहे म्हणून आणखी एक रकाना हवाच, अंगाच्या त्रासाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, उलटी, जुलाब, चालताना तोल जाणं, यातलं काही दिसलं तर लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घड वाहून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका, त्यानेही लिथियम वाढतं. पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ एकदम बंद करू नका. लिथियमची पातळी तपासताना रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं.

माहितीचं म्हणाल तर, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ॲपच्या कंपनीला तोच नियम लागू आहे असं धरून चालू नका. नाव, खरा फोन नंबर, ठावठिकाणा न मागणारं, नोंद फोनमध्येच ठेवणारं ॲप बघा. नाहीतर शाळेची चौकटीची वही घ्या, तिच्यातही हे सगळं मावतं.

जगणं नको असे विचार आले तर नोंद बाजूला ठेवून घरात सांगा आणि 14416 ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगून टाका की आजवरचे पाच खरे नव्हते. गोळ्यांचा डोस त्यांनी त्यावरूनच ठरवला असेल.